बॉयलरवाल्या काकांचे हेडफोन

आमच्या घरमालकांनी माझ्या गिझरला टाळं ठोकलं, त्याच दिवशी मी खोली सोडायला हवी होती. पण बोईसरला एकट्या मुलीने धड खोली मिळवायची म्हणजे काय दिव्य असतं ते मला माहीत होतं, म्हणून गप्प बसले आणि पुढे सहा वर्षं त्या घरात काढली.

जानेवारी होता. गिझरमधून पाणी ठिबकतंय, एवढीच माझी तक्रार. काका जिना चढून आले, स्विच बंद केला, त्यावर दोऱ्याने एक लाल पाटी अडकवली. ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ मग स्विचबोर्डाच्या झाकणाला बारकं कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि सफाळ्याला भाचीच्या लग्नाला निघून गेले. चार दिवस! मी काकूंकडे गेले. काकू शांतपणे वाल सोलत होत्या.

“ज्यानं पाटी लावली त्यानंच काढायची. तसा नेम हाय त्यांचा. दुसऱ्यानं काढली तर मानूस मरतो बोलतात.”

“काकू, गिझर आहे तो! मी मरेन आता गारठून!”

“आमी पन एकदा दोन दिवस पंख्याबिगर झोपलेलो,” काकू म्हणाल्या आणि वाल सोलत राहिल्या.

चार दिवस थंड पाण्याने आंघोळ करून माझं डोकं इतकं तापलं होतं की काका परतल्यावर त्यांना मी फाटकातच गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून लग्नाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, “पन मेला का कोन? नाय ना?”

तारापूरच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं बॉयलर चालवला होता. निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण ती कागदावर. नवापूरच्या रस्त्याला लागून त्यांचं घर, मागे केळी-नारळाची छोटी वाडी, आणि या सगळ्याचा काकांनी कारखाना करून टाकला होता. ओटीवर खिळ्याला एक लांबडं रजिस्टर टांगलेलं असे. त्यात रकाने आखलेले: वेळ, यंत्र, स्थिती, शेरा. सकाळी सहा, पाण्याचा पंप, चालू. सहा चाळीस, मिक्सर, चालू, चटणीकरिता. सात, दाराची बेल, ट्रायल घेतली. ही बेलची ट्रायल ते रोज सातला घेत आणि रोज आतून काकू ओल्या हाताने दार उघडायला येत.

“ट्रायल घेतल्याबिगर गेटभायेर काय जात नाय!” हे त्यांचं वाक्य. मी कामावर निघाले की माझी छत्री फाटकात उघडून बघायचे, डबा उलटा करून हलवायचे. एकदा कढी होती डब्यात. ट्रायल नापास झाली, माझा ड्रेसही.

दुपारी दोन वाजता पाळी बदलायची. काका काकूंसमोर सरळ उभे राहून वर्दी द्यायचे. “पंप बंद. टाकी पाऊन. दूध फ्रीजमदी. मांजर भायेर. काय शेरा?” रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना दुसऱ्या पाळीसाठी, म्हणजे काकूंसाठी, राखून ठेवलेला असे. काकूंनी त्यात कधी एक अक्षर लिहिलं नाही. “जा, पडा जरा,” एवढंच म्हणायच्या. काका तो रकाना कोरा सोडून खाली रेघ मारायचे आणि मग पडायचे.

पडायचे खरे, पण झोप लागायची नाही. चौतीस वर्षं बॉयलरच्या घरघरीत काढल्यावर शांततेत त्यांचा जीव घाबरा व्हायचा. त्यात कानही अर्धे गेलेले. मी एका औषधांच्या कंपनीच्या लॅबमध्ये होते. तिथल्याच एका पोराने त्यांना टीव्हीवर मोबाईलचे व्हिडिओ लावायला शिकवलं होतं, आणि या मनुष्याने शोधून काय काढलं असेल? बॉयलर. जर्मनीतला बॉयलर सुरू होताना. जपानमधला बॉयलर. साखर कारखान्यातला बॉयलर, तीन तास, न थांबता. आवाज शंभरावर. आधी पंखे घुमायचे, मग भस्सकन ज्योत पेटायची, मग अख्खं घर गुरगुरत राहायचं आणि मधोमध काका तोंड उघडं टाकून लहान बाळासारखे झोपलेले. मी रात्रपाळी करून आलेली असायची, वरच्या मजल्यावर. माझ्या पलंगाचे पाय थरथरायचे हो!

काकूंचं म्हणणं एकच. “इतकी वर्सं बॉयलर कंपनीत होता. आता माझ्या ओटीवर आलाय.”

पण हे सगळं हसण्यावारी जात होतं, त्या सोमवारपर्यंत. सोमवारी मी दुपारी कामावरून परतले तर मागच्या बाजूला, पंपाजवळ, काकू फरशीवर बसलेल्या. शेवाळावरून पाय घसरला होता. घोटा टम्म सुजलेला. पुढे ओटीवर जपानी बॉयलर पूर्ण दाबाने चाललेला.

“काकू! काका कुठेत?”

“तिथंच हायत. वीस पावलांवर.” त्या रडत नव्हत्या, हेच मला भीतिदायक वाटलं. “तीन हाका मारल्या मी. चौथी मारली नाय.”

डॉक्टर झाले, पट्टी झाली, मोडलेलं नव्हतं. काका दवाखान्यात एका कोपऱ्यात उभे राहून भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याची तारीख वाचत होते, कारण काकूंकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकूंचा भाऊ वाणगावहून रिक्षा घेऊन आला. काकूंनी पिशवी भरली, फाटकात थांबल्या आणि मला, काकांना नव्हे, मला सांगितलं, “जवर तो आवाज हाय तवर मी नाय.” आणि गेल्या. काकांनी रजिस्टरात काय लिहिलं ते मी नंतर पाहिलं. ‘सकाळी दहा दहा. सौ. बाहेर.’ शेरा कोरा.

पहिले दोन दिवस मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की बोललेच नाही. पण खालून करपलेल्या भाताचा वास यायला लागला आणि मला राहवेना. जाऊन बघते तर गॅसच्या मागे कागद चिकटवलेला: ‘भात. सुरू करणे. चालू ठेवणे. बंद करणे.’ सात कलमं. पाणी किती घालायचं ते सोडून सगळं होतं त्यात. आणि टीव्ही बंद होता. काका खुर्चीत ताठ बसलेले, डोळे तांबारलेले.

“झोप नाय येत आवाजाबिगर,” ते म्हणाले. “आनि आवाज लावला का ती येत नाय. आता काय करायचा सांग, लॅबवाले!”

मी त्याच संध्याकाळी बोईसर स्टेशनसमोरच्या दुकानातून बिनवायरचे हेडफोन घेतले. मोठे, कान झाकणारे. बॉयलर त्यांच्या कानात, शांतता घरात, काकू परत, आणि मला झोप. सरळ हिशेब. पाच मिनिटांचं काम, असं मी समजले होते. मूर्ख मी.

पहिला दिवस पूजेत गेला. नवं यंत्र पूजेशिवाय सुरू करायचं नाही. हेडफोन पाटावर ठेवले, हळद-कुंकू वाहिलं, दोन्ही कानांना झेंडूची फुलं, पुढे नारळ. नारळाचं पाणी हेडफोनवर शिंपडायला हात वर गेला तेव्हा मी किंचाळले. कुंकू मात्र चार्जिंगच्या भोकात गेलंच. ते मी टूथपिकने उकरत बसले होते आणि काका विचारत होते, “आनि अर्थिंग कुठाय याचा?”

“अर्थिंग नसतं काका. वायरच नाहीये.”

“वायर नाय मंजे काय? करंट येतो कुठून? आवाज येतो कुठून?”

“हवेतून.”

काकांनी हवेकडे संशयाने बघितलं.

दुसऱ्या दिवशी जोडणी. हेडफोनचं बटण दाबून धरायचं, निळा दिवा लुकलुकायला लागला की फोनवर नाव येतं, त्यावर टिचकी मारायची. मी बटण दाबलं. आतून एका बाईचा आवाज इंग्रजीत काहीतरी बोलला. काका अदबीने “येस मॅडम” म्हणाले. दिवा लुकलुकायला लागला, आणि काकांनी झडप घालून हेडफोन बंद केले.

“अहो काका!”

“दिवा लुकलुकतोय दिसत नाय तुला? ज्योत गेली!”

मी समजावलं, पुन्हा बटण दाबलं. दिवा लुकलुकला. त्यांनी पुन्हा बंद केले. तिसऱ्या वेळी मी हेडफोन पाठीमागे लपवून बटण दाबलं, तर ते माझ्याभोवती फिरून आले. त्यांचा नाइलाज होता बिचाऱ्यांचा. बॉयलरवर दिवा लुकलुकला की आधी बंद करायचं, मग विचार करायचा, हे हातात भिनलेलं. डोकं मध्ये यायचंच नाही. मी चिडून म्हणाले, तुम्ही हात बांधून बसा. ते खरंच हातांवर बसले. दिवा लुकलुकला आणि ते खुर्चीसकट पुढे सरकले, लाथ मारायला.

दोन दिवस! दोन दिवस आमची ही झटापट चालली. शेवटी मला सुचलं. “काका, ही ज्योत गेलेली नाही. ही पायलट ज्योत आहे. लहानशी. ती लुकलुकतच असते. तिच्यावरच पुढचं सगळं पेटतं. लुकलुकली म्हणजे समजायचं, सगळं ठीक आहे.”

काकांचा चेहरा उजळला. “मग असा बोल ना आधी, मॅडम!” आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. माझी अक्कल मीच वाखाणली. ती पुढे कुठे नेणार होती ते मला काय ठाऊक!

हेडफोन जोडले गेले. फोनच्या यादीत त्यांच्या खालीच आणखी एक नाव होतं, शेजाऱ्यांच्या चाकावरच्या मोठ्या स्पीकरचं. गणपतीत काकांनी त्यावर आरत्या लावल्या होत्या. मी म्हटलं, हे काढून टाकू, उगाच गोंधळ नको, इथे ‘विसरा’ असं बटण आहे. काकांनी फोन हिसकावून घेतला.

“विसरा? त्यांच्या घरी पाच दिवस परसाद खाल्ला आमी. विसरा काय!”

राहू दे म्हटलं.

त्या दुपारी घर शांत झालं. काका डोक्यावर ते काळं धूड चढवून झोपले, कानात साखर कारखाना. मी वर मेल्यासारखी झोपले. हेडफोन लावून ते बोलायचे मात्र अशा आवाजात की फाटकातून जाणारा माणूस थांबायचा. “लॅबवाले, च्या घेतेस?” हे नवापूरच्या किनाऱ्यावरच्या होड्यांपर्यंत जात असेल.

आता काकूंनी यायचं बाकी होतं. काका फोन करायचे, काकू उचलायच्या नाहीत. मीच केला. सगळं रसभरीत सांगितलं, आवाज बंद झाला, या आता. काकू म्हणाल्या, “त्यांना तोंड नाय काय? तुला वकील ठेवलीय त्यांनी?” आणि ठेवून दिला.

“त्यांना तुमचंच बोलणं हवंय,” मी काकांना सांगितलं. “फोन नाही उचलत तर मेसेजमध्ये बोला. आवाज भरायचा आणि पाठवायचा. हे बघा, आधी असा ठेवून घ्या, मग पाठवा.” ते बटण त्यांनी चटकन आत्मसात केलं. पण बोलायला काय, ते सुचेना. मी असताना तर मुळीच नाही. सहा दिवस ते फोन हातात घेऊन बसायचे आणि ठेवून द्यायचे. त्यांच्या शर्टाची कॉलर सैल दिसायला लागली होती. एकदा मला म्हणाले, “ती नायच आली तर काय करू मी?” त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

सातव्या दिवशी शेजाऱ्यांच्या मुलीची हळद होती. संध्याकाळी पाचला मांडवात मी गेले तर समोर बायकांच्या रांगेत काकू! पायाला पट्टी, गालाला हळद, वाणगावच्या भावजयीबरोबर थेट मांडवात आलेल्या. आमच्या घराकडे मुद्दाम पाठ करून बसलेल्या, मध्ये फक्त कुंपणाची भिंत. काका हळदीला आले नव्हते. एकट्याने कुठल्या तोंडाने यायचं, म्हणाले होते.

चाकावरच्या स्पीकरवर गाणी वाजत होती. नवरीच्या भावाचा फोन त्याला जोडलेला. त्याला मंडपवाल्याचा फोन आला, म्हणून जोडणी तोडून तो फोन कानाला लावत बाहेर गेला. गाणं थांबलं. दोन मिनिटं शांतता. आणि मग स्पीकरमधून भला मोठा श्वास ऐकू आला.

“हालो. हालो. मी बोलतोय.”

सगळ्यांनी माना वळवल्या. काका कुठे दिसेनात.

“पंपाकडली फरशी घासली. शेवाळ काढला. धरायला नळी बसवली. माझा वजन टाकून ट्रायल घेतली, हलत नाय. बॉयलर बंद हाय. बंद मंजे माझ्या कानात चालू हाय, घरात बंद हाय. तू तीन हाका मारल्यास. मी ऐकल्या नाय. चूक माझी. लिवून ठेवलीय. भात रोज करपतो. घरात आता काय आवाज नाय, अगो. पन तुझा पन नाय. तो मला चालत नाय. ये. संपला.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ट्रायल घेतल्याबिगर गेटबाहेर काही जात नाही! त्यांनी मेसेज भरला होता आणि पाठवण्याआधी स्वतः ऐकून बघत होते. हेडफोनची बॅटरी संपली असणार, कारण बॉयलर कधी बंद करायचा नसतो म्हणून ते हेडफोन दिवसरात्र चालूच ठेवायचे. बॅटरी संपताना दिवा लुकलुकला असणार. आणि लुकलुकला म्हणजे सगळं ठीक, हे कोणी शिकवलं होतं? मीच! मग यादीत चष्म्याशिवाय खालच्या नावावर टिचकी, समोर अक्षरं ‘जोडले’, काका समाधानी.

भिंतीपलीकडून त्यांचा स्वतःचा, बिनस्पीकरचा आवाज आला. “आवाज येत नाय! वाढवतो!”

आणि पुन्हा पहिल्यापासून. हालो, हालो, मी बोलतोय. या वेळी आवाज दुप्पट. शेवाळ काढला. नळी बसवली. बायकांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारी नळीबद्दल “बरा केला” म्हणाली. नवरी हळदीच्या पाटावर पोट धरून वाकलेली. “भात रोज करपतो”ला पुरुषांच्या बाजूने “अरेरे” आलं. नवरीचा भाऊ धावत आला आणि स्पीकरच्या बटणाकडे हात नेला.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. मान वळवली नव्हती त्यांनी. “बोलू दे त्यांना.”

“अजून नाय आला!” भिंतीपलीकडून काका ओरडले. “पुरा वाढवतो!”

तिसऱ्या वेळी सरबताचे पेले टेबलावर चालायला लागले. “तो मला चालत नाय. ये,” हे बहुतेक वाणगावलाही ऐकू गेलं असावं. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. “संपला” झाल्यावर भावजय म्हणाली, “ऊठ गो बाय. चौथ्यांदा ऐकायची ताकद नाय आमची.”

काकू उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला आणि लंगडत फाटकातून बाहेर, आमच्या फाटकातून आत गेल्या. मी मागोमाग. काका ओटीवर मेलेले हेडफोन कानाला घट्ट दाबून, रजिस्टरात काहीतरी लिहीत होते. मान वर केली. काकूंना बघून पेन खाली पडलं.

“तू कशी आलीस?” ते पार गोंधळून म्हणाले. “मी मेसेज तर अजून पाठवलाच नाय!”

काकूंनी त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढले, आपल्या गालावरची हळद बोटाने घेऊन त्यांच्या गालाला लावली आणि स्वयंपाकघरात गेल्या. मग आतून किंकाळी आली. त्यांनी भाताचं पातेलं बघितलं होतं.

मांडवात काय झालं ते काकांना कुणी सांगायचं नाही, असा काकूंचा हुकूम सुटला आणि अख्ख्या आळीने तो पाळला. पाळला म्हणजे कसा? वर्षभर रस्त्यातून जाणारा प्रत्येक जण ओरडायचा, “काका, बॉयलर बंद हाय ना?” आणि काका खुशीत उत्तर द्यायचे, “घरात बंद, कानात चालू!” लोक आपली इतकी चौकशी करतात याचं त्यांना फार बरं वाटायचं.

पुढे माझी नोकरी पालघरला बदलली. खोली सोडताना काका म्हणाले, सही करून जा, चार्ज द्यायला लागतो. ते बल्बची ट्रायल घ्यायला वर गेले आणि मी रजिस्टर उलटं चाळत त्या हळदीच्या दिवसापर्यंत गेले. काकांचं ठळक, सरळ अक्षर होतं. ‘संध्याकाळी पाच पंचवीस. हेडफोन. ट्रायल तीन वेळा घेतली. आवाज आला नाही.’

पुढे शेऱ्याचा रकाना. इतक्या वर्षांत त्याच एका ओळीपुढे तो भरलेला होता. वाकडं, हळदीचं बोट लागलेलं अक्षर.

‘आला. तिन्ही वेळा.’